एका नाण्यावरील दोन वर्षे : १८१५ च्या अमेरिकन अर्ध्या डॉलरवरील वर्षांकाची चिकित्सा

नाणे हे इतिहासाचे समकालीन साधन होय, हे आता सर्वमान्य झाले आहे. बखरकार आपल्या धन्याची बाजू घेतो, नक्कलकार एखादी ओळ गाळतो, कागद कसरीच्या भक्ष्यस्थानी पडतो. नाणे मात्र टांकसाळीतून बाहेर पडताना जी अक्षरे व जे अंक घेऊन निघाले तेच पुढील पिढ्यांच्या हाती देते. या विश्वासापोटी अभ्यासक एक समीकरण गृहीत धरून चालतो : नाण्यावरील वर्ष म्हणजे नाणे पाडल्याचे वर्ष. बहुतेक ठिकाणी हे समीकरण टिकते. परंतु काही नाण्यांवर एका अंकाच्या खालून दुसरा अंक डोकावताना दिसतो. अशा नाण्यापुढे अभ्यासकाला थांबावे लागते. नाणेसंग्राहकांच्या परिभाषेत या प्रकारास ओव्हरडेट म्हणतात. येथे त्यास ‘अधिलिखित वर्षांक’ म्हटले आहे. हा प्रकार म्हणजे टांकसाळीची चूक, कारागिराची काटकसर, की पाहणाऱ्याच्या दृष्टीचा भ्रम, हे ठरविण्याची काही निश्चित पद्धत आहे काय, आणि ते ठरल्यावर इतिहासकाराच्या पदरी काय पडते, या दोन प्रश्नांचा विचार एका विशिष्ट नाण्याच्या आधारे प्रस्तुत लेखात केला आहे.

१. नाण्याचे वर्णन

निवडलेले नाणे म्हणजे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या फिलाडेल्फिया येथील टांकसाळीचा १८१५ या वर्षांकाचा चांदीचा अर्धा डॉलर. या टांकसाळीची स्थापना २ एप्रिल १७९२ च्या कायद्याने झाली. प्रस्तुत नाण्याची घडण जॉन राइक या जर्मन वंशाच्या कोरक्याची असून ती १८०७ पासून १८३६ पर्यंत प्रचारात होती. दर्शनी बाजूस टोपी घातलेल्या स्वातंत्र्यदेवतेचे डावीकडे पाहणारे मुख, तिच्या सभोवार तेरा तारे आणि खाली वर्षांक. मागील बाजूस छातीवर ढाल असलेला गरुड, त्याच्या पंजांत ऑलिव्हची डहाळी व बाण, आणि खाली नाण्याचे मूल्य. कडेवरही मूल्य अक्षरांत लिहिलेले असते. वजन २०८ ग्रेन, म्हणजे सुमारे १३.४८ ग्रॅम, चांदीचे प्रमाण हजारात ८९२.४.

टांकसाळीच्या हिशेबाप्रमाणे या वर्षांकाची केवळ ४७,१५० नाणी निघाली. १८१२ मध्ये हीच संख्या १६,२८,०५९ होती. १८१३ मध्ये १२,४१,९०३ आणि १८१४ मध्ये १०,३९,०७५. १८१५ ची सर्व नाणी ठशांच्या एकाच जोडीतून पडलेली आहेत, आणि त्यांतील दर्शनी बाजूच्या ठशावर शेवटच्या ५ या अंकाखाली २ हा अंक आहे. म्हणजे १८१५ चा ‘साधा’ अर्धा डॉलर अस्तित्वातच नाही; या वर्षाचे प्रत्येक नाणे अधिलिखितच आहे. इतर वर्षी अधिलिखित नाणी ही अपवादादाखल असतात. येथे अपवाद हाच नियम झाला आहे. म्हणूनच चिकित्सेसाठी हे नाणे विशेष उपयुक्त ठरते.

२. ठसा कसा तयार होत असे

अधिलिखित वर्षांकाचे स्वरूप समजण्यास ठसा घडविण्याची त्या काळची रीत ध्यानी घेतली पाहिजे. नाण्यावर जे उठावाने दिसते ते ठशात खोलगट व उलटे असते. राइकच्या काळी देवतेचे मुख व गरुड ही मुख्य चित्रे एका उठावाच्या पोलादी साच्याने ठशात दाबून उतरवीत. या साच्यास ‘हब’ म्हणतात. तारे, अक्षरे आणि वर्षाचे अंक मात्र हबात नसत. ते प्रत्येक ठशात हाताने, एकेक पंच ठेवून व त्यावर हातोडा मारून उमटवावे लागत. त्यामुळे एकाच वर्षाच्या दोन ठशांत अंकांची जागा, अंतर व कल कधीही तंतोतंत सारखा येत नाही. कोरक्याच्या हाताचा हा फरक म्हणजे अभ्यासकाच्या हाती आलेली ओळखखूणच होय. एखादे नाणे कोणत्या ठशातून पडले हे त्या आधारे निश्चित सांगता येते. अमेरिकन अर्ध्या डॉलरच्या ठशांचे असे वर्गीकरण बीसल याने १९२९ मध्ये व पुढे ओव्हरटन याने १९६७ मध्ये प्रसिद्ध केले.

सर्व अंकन पुरे झाल्यावर ठशास पाणी देऊन तो कठीण करीत. पाणी देण्यापूर्वी पोलाद मऊ असते व त्यात नवा अंक सहज ठोकता येतो. पाणी दिल्यावर तसे करावयाचे तर ठसा पुन्हा तापवून मऊ करावा लागतो. चांगले पोलाद दुर्मीळ व महाग, कोरक्यांची संख्या तुटपुंजी, आणि एक ठसा घडविण्यास लागणारे श्रम मोठे; अशा स्थितीत वर्ष संपले म्हणून न वापरलेला ठसा फेकून देणे कोणत्याही व्यवस्थापकास परवडणारे नव्हते. जुन्या अंकावर नवा अंक ठोकावा आणि ठसा कामी लावावा, हाच सरळ मार्ग होता. मात्र नवा अंक जुन्या अंकाच्या सर्व रेषा झाकू शकत नाही. जुन्या अंकाचा जो भाग नव्याच्या बाहेर राहतो तो ठशात खोलगटच राहतो, आणि नाण्यावर उठून दिसतो.

३. संशयाची तपासणी

एखाद्या नाण्यावर अंकाखाली अंक असल्याचा भास झाला म्हणजे लगेच निर्णय करणे धोक्याचे असते. पुढील शक्यता एकामागून एक वगळल्याशिवाय अधिलिखित वर्षांक सिद्ध झाला असे म्हणता येत नाही.

पहिली शक्यता ठशास गेलेल्या तड्याची अथवा उडालेल्या कपचीची. पोलादास तडा गेला की त्यात धातू शिरतो व नाण्यावर उठावाची रेषा येते. अशी रेषा अंकाजवळ आल्यास ती दुसऱ्या अंकाचा अवशेष वाटू शकते. परंतु तड्याची रेषा वाकडीतिकडी असून अंकाच्या हद्दीपलीकडे जाते, आणि ठसा जसजसा अधिक वापरला जाईल तसतशी वाढत जाते. पंचाने उमटलेल्या अंकाची रेषा मोजकी असते, तिची जाडी ठराविक असते आणि ती कालांतराने वाढत नाही. उलट ठसा झिजेल तशी पुसट होते.

दुसरी शक्यता ठशांच्या परस्पर टकरीची. मध्ये चकती नसताना दोन्ही ठसे एकमेकांवर आदळले तर एका बाजूचे चित्र दुसऱ्या बाजूच्या ठशावर अंशतः उमटते. मागील बाजूवरील एखादे अक्षर अथवा पिसाची रेषा अशा रीतीने वर्षांकाजवळ येऊ शकते. त्यासाठी मागील बाजूची आकृती उलटी करून दर्शनी बाजूवर ठेवून पाहावी. जेथे मेळ बसतो तेथे शंकेचे निरसन होते.

तिसरी शक्यता दुहेरी छापाची. नाणे पाडताना ठसा किंचित सरकला तर अंकाच्या कडेस सपाट पायरीसारखी छाया येते. ही छाया त्याच अंकाची असते, दुसऱ्या अंकाची नव्हे. आणि ती त्या एका नाण्यापुरतीच मर्यादित राहते. तोच अंक पंचाने दोनदा ठोकला गेल्यासही दुहेरी रेषा दिसते, पण तीही त्याच अंकाच्या आकाराची असते.

चौथी शक्यता लबाडीची. नाणे टांकसाळीबाहेर पडल्यावर त्यावरील अंक कोरून, घासून अथवा धातू चिकटवून बदलता येतो. येथे भिंगाखाली पृष्ठभागाची परीक्षा निर्णायक ठरते. ठशातून आलेल्या उठावाभोवतीचा पृष्ठभाग अखंड असतो. हत्याराने हलविलेल्या धातूभोवती ओरखडे व वेगळी चकाकी आढळते. दुर्मीळ वर्षांकास बाजारात अधिक किंमत येत असल्याने ही शक्यता कधीही हलक्याने घेऊ नये.

या चारही शक्यता वगळल्यानंतर तीन विधायक कसोट्या उरतात. अवशेष रेषांचा आकार त्या टांकसाळीच्या त्या वर्षीच्या अंकाशी जुळला पाहिजे. त्या रेषा अंकाच्या नेहमीच्या जागीच असल्या पाहिजेत. आणि त्याच ठशातून पडलेल्या सर्व नाण्यांवर त्या एकाच स्थळी आढळल्या पाहिजेत. यांतील तिसरी कसोटी सर्वांत महत्त्वाची. कारण एकट्या नाण्याची साक्ष कितीही स्पष्ट असली तरी ती एकट्याचीच राहते.

१८१५ च्या अर्ध्या डॉलरवर या कसोट्या लावताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. येथील अंक युरोपीय वळणाचे आहेत; देवनागरी २ व ५ यांच्या आकारावरून अनुमान करू नये. युरोपीय ५ चा माथा सपाट व तळ गोल असतो, तर २ चा माथा गोल व तळ सपाट. हे दोन आकार एकमेकांच्या जवळजवळ उलट असल्याने एकावर दुसरा ठोकला तरी तो खालच्यास पूर्णपणे झाकू शकत नाही. म्हणूनच ५ च्या सभोवार २ च्या रेषा उरल्या आहेत. एकाच जोडीतून पडलेल्या सर्व नाण्यांवर त्या त्याच जागी असल्याने त्या ठशातच होत्या, याविषयी संशय उरत नाही. झिजलेल्या नाण्यांवर त्या अस्पष्ट होतात, पण तेथेही ताऱ्यांच्या व अंकांच्या मांडणीवरून ठसा तोच असल्याचे सिद्ध करता येते. तात्पर्य, १८१२ हा वर्षांक घातलेला व त्या वर्षी न वापरलेला ठसा १८१५ साठी दुरुस्त करण्यात आला, हे विधान निःशंकपणे करता येते.

४. युद्ध, चांदी आणि आग

आता प्रश्न असा की, तीन वर्षांपूर्वीचा ठसा काढण्याची वेळ का आली? याचे उत्तर त्या वर्षांच्या राजकीय इतिहासात शोधण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. जून १८१२ मध्ये अमेरिका व ब्रिटन यांत युद्ध सुरू झाले. २४ ऑगस्ट १८१४ रोजी इंग्रज सैन्याने वॉशिंग्टन येथील सरकारी इमारतींना आग लावली. त्याच सुमारास न्यू इंग्लंडबाहेरील बहुतेक पेढ्यांनी आपल्या नोटांच्या बदल्यात रोख नाणे देणे थांबविले. २४ डिसेंबर १८१४ रोजी घेंट येथे तह झाला, तरी रोखीचे व्यवहार पूर्ववत होण्यास १८१७ चे वर्ष उजाडावे लागले.

त्या काळी टांकसाळ स्वतः चांदी विकत घेऊन नाणी पाडीत नसे. पेढ्या व व्यापारी चांदी आणून देत आणि तिची नाणी करून नेत. कागदी चलनाचे मोल घसरले व धातूचे वाढले, तेव्हा हातातील चांदी टांकसाळीत नेण्यात कोणासही हित उरले नाही. १८१४ मधील दहा लाखांचा आकडा पुढील वर्षी पन्नास हजारांच्याही आत आला तो या कारणाने. तांब्याची स्थिती याहून बिकट होती. सेंटसाठी लागणाऱ्या तांब्याच्या चकत्या इंग्लंडातील बर्मिंगहॅमहून येत. युद्धामुळे तो मार्ग बंद झाला. १७९३ पासून चालत आलेल्या सेंटच्या मालिकेत १८१५ या वर्षांकाचे नाणे नाही, ते यामुळेच.

अर्ध्या डॉलरचे हे अल्प उत्पादनही वर्षाच्या अगदी अखेरीचे आहे. टांकसाळीच्या हिशेबात ही नाणी जमा झाली ती जानेवारी १८१६ च्या आरंभी. त्यानंतर लगेच, ११ जानेवारी १८१६ रोजी, टांकसाळीच्या आवारात आग लागून चांदीचे पत्रे लाटण्याची यंत्रे जळाली. त्या वर्षी सोन्याचांदीची नाणी पाडता आली नाहीत. तांब्याच्या चकत्या तयार येत असल्याने केवळ सेंट पाडण्यात आले. १८१६ या वर्षांकाचा अर्धा डॉलर नाही, याचे कारण ही आग होय. पुढे १८१७ मध्ये काम पूर्ववत झाले व १२,१५,५६७ अर्धे डॉलर निघाले.

याचा अर्थ असा की, या एका नाण्याशी तीन वर्षे निगडित आहेत. ठसा १८१२ चा, वर्षांक १८१५ चा, आणि हिशेबातील नोंद १८१६ ची.

५. एक आक्षेप

वरील हकीकत वाचल्यावर असा निष्कर्ष काढला जाईल की, युद्धकाळातील टंचाईमुळे टांकसाळीस जुने ठसे वापरावे लागले आणि अधिलिखित वर्षांक हा त्या टंचाईचा पुरावा होय. हा निष्कर्ष आकर्षक आहे. तथापि तो ग्राह्य धरता येत नाही.

कारण असे की, अधिलिखित वर्षांक केवळ टंचाईच्याच वर्षी आढळतात असे नाही. याच मालिकेत १८०८ च्या ठशावर ७, १८१२ च्या ठशावर ११ आणि १८१४ च्या ठशावर १३ यांचे अवशेष मिळतात. १८१२ व १८१४ ही तर दहा लाखांहून अधिक उत्पादनाची वर्षे. शांततेच्या काळातही १८१९, १८२०, १८२२, १८२७ व १८२९ या वर्षांचे असे ठसे आहेत. विशेष लक्षणीय उदाहरण १८१७ चे. त्या वर्षी एका ठशाखाली १३ व दुसऱ्याखाली १४ हा अंक सापडतो. म्हणजे चार व तीन वर्षे पडून राहिलेले ठसे पुन्हा वापरले गेले. यांपैकी १४ वरील ठशास लवकरच मोठा तडा गेला, आणि त्यामुळे त्यातून पडलेली नाणी आज बोटांवर मोजण्याइतकीच उपलब्ध आहेत.

यावरून दिसते ते हे की, शिल्लक ठसा जपून ठेवणे व पुढे कामी लावणे ही त्या टांकसाळीची नित्याची रीत होती. युद्धाने स्पष्टीकरण मिळते ते नाण्यांच्या अल्प संख्येचे. अधिलिखित अंकाचे नव्हे. इतके थोडे काम एका ठशावर भागले आणि तो ठसा योगायोगाने दुरुस्त केलेला होता, म्हणून १८१५ चे प्रत्येक नाणे अधिलिखित झाले. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही, हा तर्कशास्त्रातील प्राथमिक नियम नाणकशास्त्रातही विसरता येत नाही.

६. चूक कशास म्हणावे

या प्रकारास सर्रास ‘चूक’ म्हणण्याचा प्रघात आहे. १८१५ च्या नाण्याबाबत तो शब्द अयोग्य ठरतो. कोरक्याने जुना अंक पाहिला होता, तो बदलण्याचे ठरविले होते, आणि ते काम जाणूनबुजून केले होते. दोष असलाच तर तो जुना अंक पुरता न बुजविण्याचा.

खरी चूक कशी असते याचे उदाहरण विसाव्या शतकात मिळते. तोपर्यंत वर्षांक हाताने ठोकण्याची पद्धत संपून तो हबातच समाविष्ट झाला होता. एका हबाचा दाब एकदा देऊन ठसा पुरता उमटत नसे. मध्ये तापवून मऊ करून पुन्हा दाब द्यावा लागे. १९४१ च्या अखेरीस चालू व आगामी अशा दोन्ही वर्षांचे ठसे एकाच वेळी तयार होत होते. अशा वेळी काही ठशांस एक दाब १९४१ च्या हबाचा व दुसरा १९४२ च्या हबाचा मिळाला, आणि त्यांतून पडलेल्या दहा सेंटच्या नाण्यांवर १ च्या जोडीस २ दिसू लागला. फिलाडेल्फिया व डेन्व्हर या दोन्ही टांकसाळींची अशी नाणी आहेत. येथे कोणाचाही हेतू नव्हता. हा निव्वळ प्रमाद होता. बाह्यतः १८१५ व १९४२ ही दोन्ही नाणी एकाच वर्गात पडतात. कारणांकडे पाहिले तर त्यांत हेतू आणि अनवधान यांइतके अंतर आहे. म्हणून अधिलिखित वर्षांक सिद्ध झाल्यावर अभ्यासकाने पुढील प्रश्न विचारला पाहिजे : हा ठसा कोणत्या रीतीने घडला होता?

७. वर्षांकाचे प्रामाण्य

वर्षांक व पाडण्याचा काळ यांत अंतर पडण्याचे प्रकार आणखीही आहेत. फिलाडेल्फियाच्या हिशेबात १८०४ मध्ये १९,५७० चांदीचे डॉलर नोंदले आहेत; ते आधीच्या वर्षांकांच्या ठशांनी पाडलेले होते. १८०४ हा अंक असलेले डॉलर प्रत्यक्षात निघाले ते तीस वर्षांनंतर. १८३४ मध्ये मस्कतचा सुलतान व सयामचा राजा यांस नजर करण्यासाठी नाण्यांचे संच करावयाचे होते. शेवटचे डॉलर १८०४ मध्ये पाडले गेले, असे जुन्या नोंदींवरून समजून तो अंक नव्या ठशांवर घालण्यात आला. या कोड्याचा उलगडा न्यूमन व ब्रेसेट यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाने झाला.

भारतीय नाण्यांच्या अभ्यासकास ही गोष्ट अपरिचित वाटणार नाही. ईस्ट इंडिया कंपनीने मुंबईस पाडलेल्या सुरती रुपयांवर शाह आलम बादशहाचे ४६ वे जुलूस वर्ष कायम ठेवलेले आहे, आणि त्याच्या जोडीस हिजरी १२१५ हा अंक आहे. शाह आलमचे राज्यारोहण हिजरी ११७३ मधील. त्या हिशेबाने ४६ वे वर्ष हिजरी १२१८ मध्ये सुरू होते. म्हणजे एकाच नाण्यावरील दोन कालनिर्देश परस्परांशी जुळत नाहीत, आणि बादशहाच्या मृत्यूनंतरही ते तसेच चालू राहिले. पुढे राणीच्या अमदानीतील १८६२ चा वर्षांक रुपयावर १८७४ पर्यंत टिकला. मधल्या वर्षांची नाणी ठिपक्यांसारख्या बारीक खुणांवरून ओळखावी लागतात. तेथे अंकावर अंक ठोकलेला नाही. अंक गोठलेला आहे. कारणे निराळी असली तरी अभ्यासकावरील जबाबदारी एकच. केवळ वर्षांक वाचून कालनिर्णय करणाऱ्याची अशा नाण्यांवर हमखास फसगत होते.

८. उपसंहार

वरील विवेचनातून निष्पन्न होणारे निष्कर्ष असे :

(अ) १८१५ च्या अमेरिकन अर्ध्या डॉलरवरील ५ च्या खाली २ हा अंक असून तो मूळ ठशातील आहे. हा अधिलिखित वर्षांक निःसंशय खरा होय.

(आ) तो चुकीने झालेला नसून शिल्लक ठसा वापरण्याच्या नित्य रीतीचा परिणाम आहे. युद्धकालीन टंचाईशी त्याचा थेट संबंध जोडणे युक्त नाही.

(इ) नाण्यावरील वर्षांक हा प्रथमतः ठशाचा कालनिर्देश आहे, नाण्याचा नव्हे. ठसा, नाणे व हिशेबातील नोंद या तिन्हींचा काळ स्वतंत्रपणे तपासल्याशिवाय त्यांचे ऐक्य गृहीत धरू नये.

(ई) एकट्या नाण्यावरून अधिलिखित वर्षांक सिद्ध होत नाही. त्याच ठशातील इतर नाणी, त्या वर्षीच्या अंकांचे वळण आणि टांकसाळीची कार्यपद्धती यांची एकत्र साक्ष घ्यावी लागते.

नाणे खोटे बोलत नाही, असे म्हणतात. ते खरेही आहे. पण नाणे आपण होऊन बोलत नाही, हेही तितकेच खरे. ५ च्या आड दडलेला २ हा कोरक्याने झाकू पाहिलेला व काळाने राखलेला पुरावा आहे. तो सरकारी हिशेबात नोंदलेला नाही; तो फक्त धातूवर आहे. भिंगाखाली त्या रेषा पाहणाऱ्याने, त्यांनी आपणहून सांगितले तितकेच लिहावे आणि उरलेले टांकसाळीच्या दप्तरास विचारावे.